ठाण्याच्या घरात परदेशी कठीण लाकूड वापरायचं असेल तर

प्रश्न असा आला आहे: घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर नवीन फ्लॅट घेतला आहे. मुख्य दरवाजा, बाल्कनीतली लाकडी जमीन आणि सात फुटी जेवणाचं टेबल भरीव लाकडात करायचं आहे. वखारवाल्याने आफ्रिकन साग, मलेशियन साल, पडौक, वेंगे आणि इपे अशी नावं सांगितली. कुठलं कशासाठी घ्यावं, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

पैसे घालण्यात अर्थ आहे, पण प्रत्येक लाकूड आपापल्या जागी बसलं तरच. या पाचही नावांमागे उत्तम लाकडं आहेत. तरीही त्यांतलं एखादं चुकीच्या जागी लावलं, तर तीन पावसाळ्यांत साध्या फ्लश डोअरपेक्षा वाईट दिसेल. म्हणून रंग आणि नाव थोडं बाजूला ठेवून आधी पाणी, ऊन आणि एसी यांचा विचार करू.

त्याआधी नावांचा घोळ मिटवायला हवा, कारण निम्मी फसगत तिथेच होते. आपल्याकडे 'आफ्रिकन साग' या एकाच नावाने तीन वेगवेगळी लाकडं विकली जातात. पहिलं इरोको (मिलिसिया एक्सेल्सा), ज्याचा आपल्या सागाशी काही संबंध नाही, पण बाहेरच्या कामाला ते चांगलं टिकतं. दुसरं आफ्रोर्मोसिया, अतिशय सुरेख आणि आता दुर्मीळ. धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या यादीत ते १९९२ पासून आहे. तिसरा खराखुरा साग, टेक्टोना ग्रँडिस, पण घाना, नायजेरिया, बेनिन, टांझानिया इथल्या लागवडीतला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून आपल्याकडे येणाऱ्या ओंडक्यांत लागवडीच्या सागाचा भरणा आहे. ही झाडं कमी वयात तोडलेली असतात. त्यांच्यात बाहेरचा पांढरट भाग जास्त असतो आणि गाभ्यात तेल कमी. हा साग वाईट नसतो, फक्त बर्मा सागाच्या भावाने तो घेऊ नका. फळीत पांढरट पट्टा दिसला तर तेवढा भाग वाळवीला आणि भुंग्याला मोकळा आहे असं समजा. कुठल्याही जातीचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. सालीलगतच्या लाकडाला तो नसतो.

साग आणि इरोको वेगळे ओळखायचे तर फळीचं टोक धारदार पटाशीने तासून गुळगुळीत करा आणि दहापट भिंगातून बघा. सागाच्या टोकावर वर्षाची वलयं दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. इरोकोत छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात आणि त्यांच्या भोवती फिकट पंखासारखी झालर दिसते. सागाला कातड्यासारखा वास आणि हाताला किंचित तेलकटपणा असतो. हे एकदा शिकून घेतलंत की रंग लावून फसवणं कठीण जातं, कारण रंग फळीच्या अंगाला लावता येतो, टोकाच्या छिद्रांची रचना बदलता येत नाही.

'मलेशियन साल' हेही एक लाकूड नाही. बालाऊ, कापूर, केरुइंग यांपैकी काहीही त्या नावाखाली येतं. बालाऊ चौकटीला छान. कापूर ताजं कापलं की नावाप्रमाणे कापराचा वास देतं. ते मजबूत असतं, पण ओलसर जागी लोखंडी खिळा मारला की खिळ्याभोवती काळा डाग पसरतो. केरुइंगमध्ये राळ असते. पश्चिमेच्या उन्हात ती पॉलिशमधून थेंबाथेंबाने वर येते आणि कितीही घासलं तरी पुन्हा येत राहते. आतल्या चौकटीला केरुइंग चालेल, उन्हातल्या दाराला नको. म्हणून बिलावर व्यापारी नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहून मागा. चांगला व्यापारी ते देतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून दुसरं काहीही घ्या, महाग लाकूड घेऊ नका.

आणखी एक परीक्षा वजनाची. आपल्याकडे लाकूड घनफुटात विकलं जातं, त्यामुळे हिशेब सोपा आहे. नीट सुकलेला एक घनफूट साग किंवा इरोको साधारण १८ ते १९ किलो भरतो. मेरबाऊ (तुमच्या यादीत नसलेलं, पण पुढे उंबरठ्यासाठी लागणारं लाकूड) २३-२४ किलो, वेंगे २५ च्या आसपास, आणि इपे सुमारे ३० किलो. पाण्याचा एक घनफूट २८ किलो असतो, म्हणजे इपे पाण्यात बुडतं. जातीनुसार एक-दोन किलो इकडेतिकडे होतात. पण इपे म्हणून दिलेला तुकडा २२ किलोच्या हिशेबाने भरला तर तो इपे नाही. सागाचा तुकडा २४ च्या हिशेबाने भरला तर एक तर तो साग नाही किंवा तो ओला आहे.

आता हवा. लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. खोलीतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं, ८० टक्के असेल तर १५-१६ टक्के, आणि ९० टक्क्यांना २० टक्क्यांच्या आसपास. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ८५-९० टक्के आर्द्रता कायम असते, आणि त्याच वेळी बेडरूममध्ये एसी हवा कोरडी करत असतो. तुमच्या मुख्य दाराची एक बाजू लॉबीत आणि दुसरी एसीच्या हॉलमध्ये. एकच फळी दोन ऋतूंमध्ये उभी आहे. ती वाकते ती याच कारणाने.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं, आणि जातीजातीत मोठा फरक असतो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने पाच-साडेपाच टक्के आकसतो, इरोको चार टक्क्यांच्या आत, मेरबाऊ साडेचार-पाच. वेंगे आणि इपे मात्र आठ टक्के. म्हणजे वजनदार आणि कणखर लाकूड कमी हलेल हा समज खरा नाही. उलट बहुतेक जड लाकडं जास्त हलतात आणि हलताना जास्त जोर लावतात. स्क्रू वाकवतात, चौकट फोडतात. साग इतका लाडका झाला तो कडकपणामुळे नव्हे. तो मध्यमच कडक आहे. त्याचं मोठेपण कमी हलण्यात, तेलात आणि लोखंडाशी भांडण न करण्यात आहे. ओकचं आम्ल खिळे खातं, साग खात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही तरंगतं आहे. त्याच्याहून मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

मुख्य दरवाजा. इथे माझं मत स्पष्ट आहे: इरोको किंवा चांगल्या गाभ्याचा साग, आणि एका सलग जाड पाटाऐवजी चौकट-पॅनेल पद्धतीचं दार. उभ्या-आडव्या पट्ट्या खाच-कुसूने जोडायच्या आणि मधली पॅनेल खोबणीत डिंक न लावता मोकळी बसवायची. पॅनेल पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात आकसेल, पण दाराचं माप बदलणार नाही. आपल्या वाड्यांची दारं अशीच घडवलेली असायची आणि त्याचं कारण हेच आहे. आजकाल सलग वेंगेचं किंवा पडौकचं 'स्लॅब डोअर' करायची हौस दिसते. ठाण्याच्या हवेत ते करू नका. वेंगेचं तोंड हवंच असेल तर साध्या स्थिर गाभ्यावर दोन्ही बाजूंनी वेंगेचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावा. दोन्ही बाजूंनीच, कारण एकाच बाजूला लावला तर दार धनुष्यासारखं वाकतं.

इरोको घेतलंत तर सुताराला आधी सांगून ठेवा. या लाकडाच्या पोटात कधीकधी चुनखडीचे खडे असतात, बाहेरून न दिसणारे. रंध्याचं पातं किंवा मशीनचा ब्लेड त्यावर आपटला तर धार जाते. शिवाय त्याची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आलटून-पालटून उलटसुलट वळते. त्यामुळे उजेडात सुंदर पट्टे दिसतात, पण रंधा उलट्या रेषेवर गेला की तंतू उपटले जातात. पातं अतिशय धारदार ठेवून, पातळ ढलप्या काढत, शेवटी स्क्रेपरने साफ केलं तरच पृष्ठभाग देखणा होतो. मजुरी थोडी जास्त द्यावी लागेल आणि ती द्यावी.

उंबरठ्याला मात्र मेरबाऊ लावा. रोज पुसला जाणारा, पाय पडणारा, सणावारी हळद-कुंकू झेलणारा तो तुकडा. तिथे कडकपणा आणि ओलावा सोसण्याची ताकद दोन्ही लागतात. मेरबाऊ इंडोनेशिया-मलेशियाकडचं. त्याचा दोष एकच: त्यातलं टॅनिन पाण्यात विरघळतं आणि पहिले काही महिने तपकिरी ओघळ सोडतं. फिकट संगमरवर किंवा पांढरी टाइल शेजारी असेल तर बसवण्याआधी लाकूड काही वेळा धुऊन, वाळवून मग सगळ्या अंगांना पॉलिश करा.

बाल्कनी. इपे हे ब्राझील आणि आसपासच्या देशांतलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावर ते वापरलं गेलं आहे, यावरून त्याची ताकद कळावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर गुलाबी फुलांनी भरून जाणारी टॅबेबुयाची झाडं पाहिली असतील. इपे त्याच कुळातलं. वाळवी, बुरशी, ऊन, पाऊस, सगळ्यापुढे उभं राहतं. पण काम करायला कठोर आहे. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावंच लागतं, नाहीतर स्क्रूची मान तुटते. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, कारण खाडीची खारी हवा घोडबंदरपर्यंत पोचते. दोन फळ्यांमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवा. १४० मिलिमीटर रुंदीची फळी कोरड्या दिवसांत बसवली तर पावसाळ्यात सहज तीन मिलिमीटर फुगते. कापलेल्या टोकांना मेण किंवा सीलर लावा, नाहीतर टोकाला चिरा पडतात.

एक गोष्ट सुतारही अनेकदा सांगत नाहीत. इपेच्या भुशात पिवळी पूड असते, लॅपाकॉल नावाची. ती साबणाच्या किंवा सिमेंटच्या पाण्याला लागली की लालभडक होते. काम संपल्यावर बाईंनी टाइल साबणाने धुतली आणि सगळी बाल्कनी लाल झाली, असं घडू नये म्हणून भुसा आधी कोरडाच व्हॅक्यूमने काढून घ्या.

फळ्या स्लॅबमध्ये स्क्रू मारून बसवू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी येईल. प्लास्टिकच्या पायांवर जाळी उभी करून त्यावर फळ्या बसवतात. पाणी खालून वाहून जातं आणि गरज पडली तर सगळं उचलता येतं. २० मिलिमीटर जाडीच्या इपेचं वजन चौरस मीटरला २१ किलोच्या आसपास होतं, त्याचा भार बाल्कनीला जड नाही.

तरीही तुमच्या बाल्कनीसाठी मी इपे सुचवणार नाही. २५ नोव्हेंबर २०२४ पासून इपे सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. हे झाड जंगलात विरळ उगवतं. एक शोधायला आणि बाहेर काढायला रस्ते पाडावे लागतात आणि त्या रस्त्यांनी बाकीचं जंगल जातं. छत असलेल्या, ४०-५० चौरस फुटांच्या बाल्कनीला एवढ्या लाकडाची गरजच नाही. लागवडीचा साग तिथे सहज टिकेल. ऊन लागलं की कुठलंही लाकूड, इपेसुद्धा, करड्या चंदेरी रंगाचं होतं. मूळ रंग हवा असेल तर पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा डेक ऑइलचा हात द्यावाच लागेल. ते जमणार नसेल तर करडा रंग स्वीकारा, तोही सुंदर असतो.

टेबल. इथे रंगाचा मोह सगळ्यांत जास्त असतो, म्हणून रंगाचं खरं सांगतो. पडौक ताजं कापल्यावर शेंदरी-लाल दिसतं. दोन-तीन वर्षांत ते तांबूस तपकिरी होतं. पर्पलहार्ट हे आणखी एक परदेशी लाकूड कापताना मातकट, मग हवा-उजेडाने जांभळं आणि पुढे हळूहळू तपकिरी. वेंगे उलट चालतं: काळपट चॉकलेटी असतं ते उन्हाने फिकट होत जातं. अतिनील किरणं अडवणारं पॉलिश हा बदल लांबवतं, थांबवत नाही. शोरूममधल्या रंगासाठी लाकूड निवडू नका, पाच वर्षांनंतरचा तुकडा दाखवायला सांगा.

पडौकबद्दल मला जिव्हाळा आहे, कारण ते आपल्याकडच्या बिबळा या झाडाचं आणि रक्तचंदनाचं भावंड, टेरोकार्पस कुळातलं. बिबळ्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की त्याला निळसर झाक येते, ते तुम्ही पाहिलं असेल. रंगद्रव्य पडौकमध्येही भरपूर आहे. थिनर लागला की लाल रंग सुटतो. शेजारी फिकट लाकडाची जडावट केली असेल तर ती गुलाबी होते. आफ्रिकेतल्या पडौकसह तिथल्या टेरोकार्पस जाती २०२२ च्या पनामा परिषदेत सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या. शिसवीचं सगळं डल्बर्जिया कुळ २०१७ पासूनच तिथे आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने या यादीतल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली, तेव्हा आयातीचे कागद बघायला लाजू नका.

वेंगेचं टेबल करायचंच असेल तर तीन काळज्या घ्या. वरचा पाट पायांच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळू नका; लांबट भोकांतून किंवा लाकडी कड्यांनी पकडा, कारण तीन फूट रुंदीचा पाट वर्षभरात बारा-पंधरा मिलिमीटर हलू शकतो. वेंगेत राळेचे कप्पे असतात, त्यामुळे तेलाचं वार्निश काही ठिकाणी वाळतच नाही. आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, मग वरचं पॉलिश. फळ्या चिकटवण्याआधी जोडाच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच फेव्हिकॉल लावा. आणि कामगारांना हातमोजे द्या: वेंगेचं कुसळ बोचलं तर जखम पिकते.

धुळीचं यापेक्षा गंभीर आहे. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकली आहे, आणि इरोको, वेंगे, पडौक यांची धूळ दमा व अंगावर पुरळही आणते. ठाण्यात अजूनही बंद फ्लॅटमध्ये खिडक्या लावून, तोंडाला रुमाल बांधून पोरं दिवसभर सँडर चालवतात. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क, सँडरला व्हॅक्यूमची नळी आणि उघड्या खिडक्या या गोष्टी कामाच्या करारात लिहा, पैसे वेगळे द्या. घासकाम शक्यतो वर्कशॉपमध्येच करून घ्या.

स्वयंपाकघराचं विचारलं नाहीत, पण उरलेल्या तुकड्यांचं पोळपाट करून मागतात म्हणून सांगतो: वेंगे, पडौक, इरोको यांचं करू नका. शिसव किंवा आंब्याचं पोळपाट चांगलं.

मी तुमच्या जागी असतो तर टेबलासाठी वेगळ्याच ठिकाणी गेलो असतो. गिरगाव, दादर, नौपाडा इथल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जातात, त्यांतल्या तुळया आणि वासे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यात बर्मा साग सापडतो, बारीक वलयांचा, तेलाने भरलेला, कित्येक दशकं याच हवेत मुरलेला. असा साग आज नवीन मिळत नाही. धातुशोधक फिरवून खिळे काढून घ्यावे लागतात, भोकं आणि वाळवीच्या जागा सोडून माप काढावं लागतं, त्यामुळे वाया बरंच जातं. पण कापल्यावर जे सोनेरी लाकूड निघतं त्यापुढे पर्पलहार्टचा जांभळा रंग मला फिका वाटतो, आणि त्यासाठी एकही नवीन झाड पडत नाही.

कुठलंही लाकूड ठरवलंत तरी ओलावा मोजून घ्या. न्हावाशेव्याला उतरलेला माल पावसाळ्यात उघड्यावर पडला असेल तर २५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. फळीचा तुकडा मधोमध कापायला सांगून ताज्या कापावर मीटरच्या सुया टोचा. वरवर टोचलं तर भट्टीतून नुकतीच काढलेली फळी आत ओली असूनही कोरडी दाखवते. एसीच्या घरासाठी १० ते १२ टक्के हवेत. मग फळ्या घरात आणून, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून दोन-तीन आठवडे तशाच ठेवा आणि नंतरच कापायला घ्या.

दार मे महिन्यात बसवत असाल तर चौकटीपासून दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जागा सोडायला सांगा. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर दीड-दोन पुरेत, कारण तेव्हा ते फुगलेलंच असतं. आणि बिजागरी लावण्यापूर्वी दार आडवं असतानाच त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिशचे पूर्ण हात द्या. एकदा दार टांगलं की खालची कड कुणाला दिसत नाही, कुणी रंगवतही नाही, आणि फरशी पुसल्याचं पाणी रोज तिथूनच वर चढतं.